बत्तिसाव्या किलोमीटरवरचे वाक्य

"मॅडम, शरीर तयार असते, पण ऐनवेळी मन कच खाते. मन कणखर करण्याचा काही उपाय सांगा." मॅरेथॉन धावणारी मंडळी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य बहुधा ऐकायला मिळतेच. म्हणून अशाच एका गृहस्थांची हकिगत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

वय बेचाळीस, काम हिशेबाचे, आणि ४२.१९५ किलोमीटर चार तासांच्या आत पुरे करण्याचा निश्चय. चार तासांसाठी किलोमीटरला सरासरी ५ मिनिटे ४१ सेकंदांचा वेग पुरतो. हे मात्र 'हाताशी थोडी शिल्लक असावी' म्हणून ५ मिनिटे २० सेकंदांनी सुरुवात करत. दोन्ही मॅरेथॉनमध्ये ते बत्तिसाव्या किलोमीटरला थांबले, उरलेले अंतर चालत गेले आणि त्यानंतर कित्येक दिवस स्वतःला दूषणे देत राहिले.

"त्या क्षणी मनात नेमके कोणते वाक्य आले?"

"पाय संपले, आता चार तास गेले, म्हणजे सगळेच गेले."

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. सुरुवातीला मी त्यांना लक्ष दुसरीकडे वळवायला सांगितले: कडेची झाडे मोजा, एखादे गाणे आठवा. पुढच्या लांब सरावात झाडे मोजून झाली आणि थकवा दुप्पट जोराने परत आला. पुढे लक्षात आले की त्या विचाराला ते जितके घाबरत होते, तितकीच मीही घाबरले होते. अव्वल मॅरेथॉनपटू धावताना बहुधा श्वास, पावले आणि स्नायूंचा ताण यांच्याकडेच बारकाईने लक्ष देतात, असे मॉर्गन आणि पोलॉक या संशोधकांनी १९७७ मध्ये नोंदवले होते. हे मला ठाऊक होते. त्या वेळी आठवले मात्र नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांना घड्याळातील नोंदी आणायला सांगितल्या.

"चालत गेलात म्हणता, मग शेवटच्या पाचशे मीटरचा वेग किती दिसतो?"

"५ मिनिटे १० सेकंद. समोर कमान दिसली ना, मग धावलो."

"म्हणजे सुरुवातीपेक्षाही जलद. बत्तिसाव्या किलोमीटरला संपलेले पाय बेचाळिसाव्याला कोठून आले?"

ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मीही काही बोलले नाही. अशा शांततेत समुपदेशकाने बोलणे म्हणजे पिकत आलेले फळ हलवून पाडणे. अखेर ते म्हणाले, "मग मी स्वतःशी खोटे बोललो का?"

खोटे नव्हे, अतिशयोक्त. स्नायूंतील साखरेचा साठा तीस किलोमीटरच्या आसपास आटू लागतो आणि आरंभी वेग वाढवला तर आणखी लवकर आटतो. तो थकवा खराच असतो. परंतु 'आता थांब' ही सूचना मेंदू केवळ शिल्लक साठा पाहून देत नाही, पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज बांधूनही देतो. २००४ मधील एका प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकयुक्त द्रव फक्त तोंडात घोळवून थुंकून टाकला, तरीही सुमारे तासाभराच्या चाचणीत त्यांची कामगिरी सुधारली. पोटात काहीच गेले नव्हते. बदलला होता तो अंदाज.

घटनेपेक्षा तिच्याविषयीचे हट्टी विचारच माणसाला अधिक छळतात असे सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांत मी घडलेली आहे, हे जाणकारांच्या ध्यानात आले असेलच. माझ्या मते या गृहस्थांना पायांपेक्षा 'झालेच पाहिजे' या हट्टाने अधिक थकवले होते, कारण चार तास हे लक्ष्य न राहता स्वतःची किंमत ठरवणारा तराजू झाले होते. आम्ही ते वाक्य पुसले नाही, दुरुस्त केले: "चार तास मला मनापासून हवे आहेत, नाही जमले तर वाईट वाटेल, पण मी निकामी ठरणार नाही." ऐन धावताना इतके लांब वाक्य कोण म्हणणार? त्यासाठी त्यांनीच दुसरे निवडले: "तू थकला आहेस, संपलेला नाहीस." स्वतःला 'तू' म्हणून हाक मारणे त्यांना आधी हास्यास्पद वाटले, तरी तीन महिने प्रत्येक लांब सरावाच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी ते घोकले. माझा यावर विशेष कटाक्ष असतो, कारण शर्यतीच्या दिवशी प्रथमच उच्चारलेल्या वाक्यावर थकलेले मन विश्वास ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट ओघात कळली. शर्यतीच्या आदल्या रात्री ते उशिरापर्यंत वेळेचे तक्ते मांडत बसत. मार्कोरा आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील अभ्यासात, दीड तास डोके शिणवणारे काम केलेल्या व्यक्तींनी सायकल चालवणे लवकर सोडले, जरी हृदय व स्नायूंच्या मोजमापांतून त्याचे कारण सापडत नव्हते. तक्ते बंद झाले आणि आरंभीचा वेग ५ मिनिटे ४० सेकंदांवर आला.

'मनाने शरीरावर मात करा' असे सांगणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. छातीत दुखणे, भोवळ, गोंधळल्यासारखे होणे किंवा एकाच जागी उठणारी तीव्र कळ यांच्याशी वाद घालायचा नसतो, थांबायचे असते. हा फरक त्यांना पाठ झाल्याशिवाय मी त्यांना पुढच्या शर्यतीसाठी मोकळे सोडले नाही.

तिसऱ्या मॅरेथॉननंतर ते आले आणि छत्तिसाव्या किलोमीटरविषयीच बोलत राहिले: तेथे दोन मिनिटे चालले, स्वतःला एकही शिवी दिली नाही आणि पुन्हा धावू लागले. निघताना दारापाशी मीच न राहवून वेळ विचारली.

"अरे हो, ती सांगायचीच राहिली," ते म्हणाले, "४ तास ६ मिनिटे."