नोकरी सोडून कोणी रब्बी कशाला होईल?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकेतला तुमचा ज्यू कलीग चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून रब्बी (ज्यूंचा धर्मगुरू) व्हायला निघालाय, म्हणजे आता तो पूजापाठ करणार का, आणि या काळात हे सुचतं तरी कसं. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू आहे, घरात या विषयावर भरपूर वाद ऐकलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूजापाठ नाही हो. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं तेव्हाच बळी वगैरे बंद पडले. सामुदायिक प्रार्थनेला ऑर्थोडॉक्स (परंपरा कडक पाळणाऱ्या) ज्यूंच्या रीतीत दहा पुरुष जमले की झालं, रब्बी नसला तरी अडत नाही. आमचंच बघा ना, कोकणात कित्येक पिढ्या काढल्या, १७९६ ला मुंबईत पहिलं सिनेगॉग (प्रार्थनागृह) उभं राहिलं, पण आमच्यातला रब्बी असा नव्हताच. हझान हा प्रार्थना म्हणायचा, काझी म्हणवले जाणारे आमचेच लोक लग्नं आणि तंटे बघायचे, शिकवायला कोचीनहून माणसं यायची, आणि १८४६ ला वल्हांडण सणाला घरी वाचायचा हगादा हा ग्रंथ मराठीत छापून आला तेव्हा कुठे घरातल्या बायामाणसांना वाचता आला. रब्बी नसल्याचा फटका नंतर बसला. इस्रायलला गेल्यावर तिथल्या रब्बींनी शंका काढली, की यांच्यात घटस्फोटाचे नियम नीट पाळले नसणार, मग यांच्याशी लग्नं कशी लावायची! आमच्या लोकांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं, १९६४ ला नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) बाजू घेतली तेव्हा ते मिटलं. तर रब्बी हा शिकवणाराही असतो आणि दारावर उभा राहून तपासणाराही, ओढ लागते ती बहुतेक पहिल्या कामाची.

जोनाथन सॅक्स यांचं उदाहरण मला कायम आठवतं. लंडनचे, केंब्रिजला फिलॉसॉफी शिकत होते, १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला लुबाविच या ऑर्थोडॉक्स पंथाचे प्रमुख रब्बी श्नीअरसन यांना भेटायला गेले आपले प्रश्न घेऊन, तर त्यांनीच उलटतपासणी सुरू केली, केंब्रिजमध्ये ज्यू विद्यार्थी किती, त्यांच्यासाठी तू काय करतोयस? दहा वर्षांनी सॅक्स परत गेले तेव्हा डोक्यात बॅरिस्टर, अर्थतज्ज्ञ किंवा प्राध्यापक होणं होतं. श्नीअरसन यांचा तिन्हींना नकार, ब्रिटनमध्ये रब्बी कमी पडतायत, ते तयार कर म्हणाले. पुढे १९९१ ते २०१३ ते ब्रिटनचे चीफ रब्बी होते, बीबीसी रेडिओवर सकाळी ज्यू नसलेले लोकही त्यांना ऐकायचे. पण ह्यूगो ग्रिन हे ऑशविट्झ या नाझी छळछावणीतून वाचलेले रिफॉर्म (सुधारणावादी) रब्बी १९९६ ला वारले तेव्हा ऑर्थोडॉक्स असलेले सॅक्स अंत्यविधीला गेले नाहीत आणि त्यावरून भरपूर बोलणी खाल्ली. मला तरी ते पटलेलं नाही, एवढा मोठा शिक्षकही आपल्या गटाच्या दबावातून सुटला नाही.

बाकी रोजचं काम म्हणाल तर शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) लिफ्टचं बटण दाबायचं का इथपासून आईचं व्हेंटिलेटर काढू का इथपर्यंत लोक विचारतात, आणि तलमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात वीजच नाही तर उत्तर शोधायचं कुठून? मग शब्बाथला निषिद्ध अशा जुन्या ३९ कामांमधून वाट काढत बसायचं. ऑर्थोडॉक्स म्हणतात शब्बाथला गाडी अजिबात नको, अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेच्या) रब्बींनी १९५० मध्ये सिनेगॉगपुरती परवानगी दिली, कारण लोक उपनगरांत राहायला गेले होते आणि चालत येणं अशक्य झालं होतं. माणूस सिनेगॉगला आलाच नाही तर शिकवणार कोणाला, हा त्यांचा हिशोब, आणि एकदा सूट दिली की थांबायचं कुठे हा समोरच्यांचा. मला दोन्ही बाजू समजतात, खरं सांगू तर भांडण अजून चालूच आहे.

म्हणून कलीगला आधी विचारा सेमिनरी (रब्बी घडवणारी शाळा) कुठल्या प्रवाहाची. रिफॉर्म असेल तर साधारण पाच वर्षांचा कोर्स, वर्गात बायकाही असतील (त्यांच्याकडे १९७२ पासून स्त्री रब्बी होतात), नंतर हॉस्पिटलात किंवा कॉलेज कॅम्पसवरही काम मिळतं. ऑर्थोडॉक्स येशिवा (धर्मशाळा) असेल तर बराचसा वेळ तलमूद आणि हलाखा (ज्यू धर्मनियम), अभ्यासाच्या जोडीदाराबरोबर बसून मोठ्याने वाद घालत, आणि लग्न झालेलं असेल तर बायकोचीही तेवढीच तयारी लागते कारण शुक्रवारी रात्री जेवायला घरी पाहुणे असणारच.