प्रोजेक्ट कंपनी देते, नोकरी नाही

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षं यूआय डिझाइन, म्हणजे ॲपच्या स्क्रीनचं डिझाइन केलंस, आता कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या सेंटर फॉर डिजिटल मीडियात मास्टर्स करायचंय, नवऱ्यालाही सोबत आणायचंय. आणि खरा प्रश्न पत्राच्या तळाशी: ‘ताई, प्रोजेक्ट कंपन्याच देतात म्हटल्यावर नोकरी तिथेच लागते ना?’

लागतेच असं नाही. मी हाच कोर्स केला, पण माझी नाही लागली. आमच्या टीममधल्या एकाला क्लायंटने, म्हणजे प्रोजेक्ट देणाऱ्या कंपनीने, बोलावलं, तेही प्रोजेक्ट संपून सहा महिने झाल्यावर, दुसऱ्याच कामासाठी. क्लायंट येतो तो माणसं शोधायला नाही. त्याच्याकडे एक कल्पना असते, ती चालेल की नाही हे स्वतःची माणसं कामाला न लावता त्याला बघायचं असतं. हे डोक्यात पक्कं असेल तर बाकी सगळं सोपं जातं.

हा कोर्स 2007 मध्ये सुरू झाला. यूबीसी (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ), सायमन फ्रेझर, एमिली कार आणि बीसीआयटी (तिथली तंत्रशिक्षण संस्था) या चार संस्थांचा मिळून तो चालतो, पदवीही चौघांची. ग्रेट नॉर्दर्न वेवर कॅम्पस आहे, 2017 पासून एमिली कारही शेजारीच आलंय. पहिल्या टर्मला वर्ग असतात: गेम डिझाइन, दृश्यकथा आणि चक्क इम्प्रोव्ह, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसा अभिनय. ‘यासाठी का एवढी फी भरली’ असं मलाही वाटलं होतं. पण समोरच्याने काहीही टाकलं तरी ते झेलून पुढे न्यायची सवय तिथेच लागली, आणि क्लायंटच्या मीटिंगमध्ये ती सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडली.

पुढच्या दोन टर्म प्रोजेक्टच्या. चार-सहा जणांची टीम, एक क्लायंट, देखरेखीला एक प्राध्यापक आणि हातात साधारण तीन महिने. टीम मुद्दाम मिसळलेली असते. आमच्यात एक प्रोग्रॅमर, एक आर्किटेक्ट, एक पत्रकारिता सोडून आलेला आणि मी. पहिल्या प्रोजेक्टला एक सांस्कृतिक संस्था आली आणि म्हणाली, ‘आम्हाला व्हीआर हवंय’, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून बघायचं आभासी जग. आम्ही तीन आठवडे व्हीआर बनवत बसलो. मग पत्रकार पठ्ठ्या त्यांच्या दालनात जाऊन दिवसभर नुसता उभा राहिला. शाळेची पोरं तिसाच्या घोळक्याने येतात, वीस मिनिटांत पुढच्या दालनात जातात, आणि हेडसेट घेणार होते दोन! गणितच बसत नव्हतं. शेवटी भिंतीवर प्रोजेक्शन आणि जमिनीवर सेन्सर असं केलं, आधीचं काम टाकून दिलं. ब्रीफमध्ये, म्हणजे काय हवंय त्या कागदात, क्लायंटने उपाय लिहिलेला असतो, अडचण आपल्यालाच शोधावी लागते. देखरेखीच्या प्राध्यापकानेही ती सांगितली नाही. तो दर आठवड्याला एकच विचारायचा, ‘हे वापरणार कोण?’ तेव्हा राग यायचा.

दुसऱ्या प्रोजेक्टने मला धडा शिकवला. एका गेम कंपनीचं काम होतं, गुप्ततेचा करार होता, मी न वाचता सही केली. तीन महिने जीव ओतला आणि पोर्टफोलिओत दाखवायला एक स्क्रीनशॉटही नाही. क्लायंटच्या प्रोजेक्टची मालकी बहुतेक वेळा क्लायंटकडेच जाते. म्हणून पहिल्याच मीटिंगला विचार: काय दाखवता येईल, कधीपासून, आणि नाव घालता येईल का? उत्तर लेखी घे. काहीच दाखवता येणार नसेल तर ती टीम सोडू नकोस, पण रविवारी स्वतःचं काहीतरी छोटं सुरू ठेव.

सॉफ्टवेअर इथे शिकवत नाहीत. शिकतेस, पण रात्री, स्वतःच्या हिमतीवर. तुला थ्रीडी मुळापासून शिकायचं असेल तर ही जागा चुकीची आहे. गेमच करायचे असतील तर ऑरलँडोत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचं फिया हे गेमचं कॉलेज बघ, तिथे प्रोग्रॅमर, आर्टिस्ट, प्रोड्यूसर असे वेगळे मार्गच आहेत. पिट्सबर्गला कार्नेगी मेलनचं एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटर रँडी पॉश आणि डॉन मॅरिनेली या तिथल्या दोन प्राध्यापकांनी उभं केलं. तो कोर्स दोन वर्षांचा आहे, आणि तिथेही सगळा भर प्रोजेक्टवर. स्वतःच्याच कल्पनांवर काम करायचं असेल तर न्यूयॉर्क विद्यापीठाचा आयटीपी हा कोर्स, तो 1979 पासून चालू आहे. व्हँकूव्हर तुला बसेल असं मला वाटतं, कारण तुझ्या हातात कला आधीच आहे. कमी आहे ती अनोळखी लोकांबरोबर अर्धवट माहितीवर काम करायची सवय.

आता कागदपत्रं. भारतातून स्टडी परमिटच्या जलद अर्जाची एसडीएस नावाची सोय 8 नोव्हेंबर 2024 ला बंद झाली, त्यामुळे जुन्या मित्रमैत्रिणींचे सल्ले बाजूला ठेव. फी आणि प्रवास सोडून एकट्या विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चासाठी 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, हा आकडा 1 सप्टेंबर 2025 पासूनचा. तुम्ही दोघं आहात, म्हणजे त्याहून जास्त. सरकारी संस्थेत मास्टर्स करणाऱ्यांना 1 जानेवारी 2026 पासून प्रांत सरकारचं मान्यतापत्र लागत नाही, हा एक ताप गेला. टर्म चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तास काम करता येतं. पण प्रोजेक्टच्या टर्मला ते जमेल असं धरून बजेट करू नकोस, बारा तासही जड जातात.

नवऱ्याबद्दल नीट वाच. 21 जानेवारी 2025 पासून मास्टर्सच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायचा परवाना) हवा असेल तर कोर्स किमान 16 महिन्यांचा असावा लागतो. या कोर्सची लांबी इंटर्नशिप धरून नेमकी त्या काठावर येते. तेव्हा ऑफर लेटरवर किती महिने लिहिलेत, ते फी भरण्याआधी बघ, शंका असेल तर ऑफिसला लिहून विचार. इथे एका महिन्याने संसार दोन देशांत राहू शकतो.

शिकून झाल्यावरचा वर्क परमिट मास्टर्सला तीन वर्षांचा मिळू शकतो, कोर्स दोन वर्षांपेक्षा लहान असला तरी. मात्र तो आयुष्यात एकदाच मिळतो, आणि 1 नोव्हेंबर 2024 पासून अर्ज करणाऱ्यांना त्यासाठी इंग्रजी किंवा फ्रेंचच्या परीक्षेचा निकालही दाखवावा लागतो.

नोकऱ्यांचं गोड बोलणार नाही. इथे गेम बनवणाऱ्या ईएचा मोठा स्टुडिओ शेजारच्या बर्नबीत आहे, सिनेमाचे व्हीएफएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवरची दृश्यं, करणाऱ्या सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि आयएलएम आहेत. पण 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले तेव्हा इथल्या व्हीएफएक्सवाल्यांची कामं थांबली, गेम कंपन्यांनीही माणसं कमी केली. मला पहिली नोकरी लागायला सात महिने लागले, आणि ती गेममध्ये नव्हे, वैद्यकीय प्रशिक्षणाची सिम्युलेशन बनवणाऱ्या छोट्या कंपनीत. तिथे मुलाखतीत विचारलं ते त्या व्हीआरबद्दलच: तीन आठवड्यांचं काम टाकून द्यायचं हे टीमला कसं पटवलंत?

तुझा पोर्टफोलिओ पाहिला. वीस सुंदर स्क्रीन आहेत, पण एकही स्क्रीन तशी का झाली हे कुठे लिहिलेलं नाही. तीन निवड, बाकीच्या काढून टाक, आणि प्रत्येकीखाली आधीचा फसलेला आराखडाही लाव. मग मला पुन्हा पाठव, रविवारी बघेन.