आध्यात्मिक वाचन सुरू करतोयस, तर

दुकानात दर्शनी मांडलेली झटपट मनःशांतीची पुस्तकं तूर्त राहू दे. विनोबांच्या ‘गीता प्रवचने’पासून सुरुवात कर. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर दिलेली ही 18 प्रवचनं साने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणून भाषा बोलती आहे. बाराव्या अध्यायात सगुण-निर्गुण भक्ती सांगताना विनोबा लक्ष्मण आणि भरत समोर उभे करतात. एक रामाच्या सावलीसारखा, दुसरा दूर राहून राज्य सांभाळणारा. तिथे जरा थांब. रोज देव्हारा पुसणारी आजी आणि देवळाची पायरी न चढणारा, पण शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागवणारा काका, दोघांकडे नव्याने बघशील.

आजच्या लेखकांचं ज्ञानेश्वरीवरचं काही वाचलंस, तर सार्थ प्रत शेजारी उघडी ठेव. ओवीचा क्रमांक न देता ‘माउली म्हणतात’ असं ठोकून देणारे बरेच आहेत. चमत्कारांची पानं मी तरी सरळ उलटतो. आणि प्रश्न पडले म्हणजे श्रद्धा कमी, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. अर्जुन शेवटच्या अध्यायापर्यंत विचारतच असतो. शंका समासात पेन्सिलीने लिही, पारायणाची घाई नको.