आधी तो अर्ज मागे घ्या

प्रश्न : नगरपरिषदेत २२ वर्षे वॉल्व्हमन आहे. मधुमेहामुळे गँगरीन होऊन डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जयपूर फूट लावून चालतो, पण चेंबरमध्ये उतरता येत नाही. आस्थापना विभागाच्या सांगण्यावरून तीन महिन्यांच्या नोटिशीने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला, त्याला दोन महिने झाले. मुलाला नोकरीत घेऊ, असे तोंडी सांगितले आहे. मला नुकसानभरपाई मिळेल का?

उत्तर : भरपाईचे नंतर बघू. तुमच्या हातात फार तर महिना उरला आहे आणि तुम्ही विचारताय भरपाईचे! असे अर्ज घेऊन लोक येतात ते बहुधा मुदत उलटल्यावर. सही करण्याआधी कोणाला तरी विचारायचे होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २०(४) वाचा. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यायचे. तसे पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर, ठेवता येते. नगरपरिषद स्थानिक प्राधिकरण असल्याने सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत येते. पाणीपट्टी वसुलीचा टेबल, पंपहाऊसची नोंदवही, तक्रार नोंदणी अशी बसून करायची कामे तुमच्या विभागातच आहेत.

हे संरक्षण मिळते ते काढले जाण्यापासून. तुम्ही स्वतःहून जाताय, असे तुमचा अर्ज सांगतो. निवृत्तीची तारीख उजाडण्यापूर्वी तो मागे घेता येतो. बलराम गुप्ता प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सबळ कारणाशिवाय अर्ज मागे घेण्याची परवानगी नाकारू नये असे म्हटले. तारीख उलटली की मात्र सगळे अवघड. अर्जाची प्रत काढा आणि त्यात निवृत्तीची तारीख नेमकी कोणती लिहिली आहे ते आजच पाहा.

मुख्याधिकाऱ्यांना एका पानाचे पत्र द्या : अमुक तारखेचा अर्ज मागे घेत आहे, अपंगत्वामुळे जुने काम जमत नव्हते आणि कलम २०(४) ची माहिती मला दिली नव्हती, समान वेतनश्रेणीचे पद किंवा अधिसंख्य पद द्यावे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तोंडी ‘ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून येऊ नका. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. शस्त्रक्रियेची कागदपत्रे जोडा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) नसेल तर अर्ज करा, पण त्यासाठी पत्र अडवू नका. २०(४) मध्ये किमान ४० टक्के अपंगत्वाची अट लिहिलेली नाही. उपचारांच्या काळातली रजा मंजूर करून घ्या, नाहीतर उद्या अनधिकृत गैरहजेरीची नोटीस येईल.

मुलाच्या नोकरीचा शब्द लेखी मागा. वारसा नियुक्तीचे धोरण सफाई कामगारांसाठी आहे; वॉल्व्हमन त्यात बसेल असे मी धरून चालणार नाही.

दाद दिली नाही तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण त्यांची शिफारस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. पुढचा मार्ग बहुधा उच्च न्यायालयातील रिट याचिका. तुमचे सेवानियम पाहिल्याशिवाय याहून ठाम सांगता येणार नाही.

तारीख निघून गेली तरी भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य विद्युत मंडळ हा निकाल आहे. दृष्टी गेलेल्या त्या कर्मचाऱ्याने हक्क माहीत नसताना निवृत्ती मागितली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला सेवेत परत घ्यायला लावले. त्याचे पत्र १९९६ चे, निकाल २००८ चा. बारा वर्षे! म्हणून उद्या सकाळी कार्यालय उघडताच आवक-जावक विभागात जा.