आईला घेऊन जपानला जातोय. विमान-हॉटेल सोडून रोजचा खर्च किती धरावा?

टोकियो, क्योटो, ओसाका, आठ दिवस, सोबत शाकाहारी आई, असं तुम्ही लिहिलंय. मी २०२४ च्या नोव्हेंबरात माझ्या आईबरोबर नेमकी हीच सहल केली, म्हणून आकड्यांसकट सांगते.

माणशी रोज ६,००० येन धरा. शंभर येनचे साधारण ६० रुपये धरले, तर ३,६०० रुपये. पण यात शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, मिळवू नका. टोकियो ते क्योटो एका माणसाचं तिकीटच १४,००० येनच्या आसपास जातं. ते रोजच्या सरासरीत घातलं की सगळा हिशोब फसतो. एक दिवस खिसा रिकामा झाल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी उगाच सढळ हात सुटतो. ही तिकिटं विमानाच्या रकान्यात लिहून मोकळे व्हा.

सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा परदेशी पर्यटकांसाठीचा पास, घ्या असं कुणी सांगेल. तो सल्ला जुना झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. तुमच्या मार्गाची सुटी तिकिटं जवळपास २९,००० येनमध्ये होतात.

जेवणाला माणशी ३,००० येन ठेवाच, इथे काटकसर करू नका. साध्या दिसणाऱ्या उदोन नूडल्सच्या रश्शातही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. माझ्या आईने पहिल्या दिवशी नुसत्या केळ्यांवर दिवस काढला, ते मला आजही लागतं. नंतर आम्ही रोज एक जेवण भारतीय हॉटेलात घेतलं, ताटाला १,२०० ते १,५०० येन. रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून पॅकबंद भात गरम करून आणायचा आणि वर घरून नेलेलं मेतकूट. टीप द्यायची पद्धत तिथे नाही.

देवळं स्वस्त आहेत. फुशिमी इनारी फुकट, किंकाकुजी ५०० येन. क्योटोतली शहर बस २३० येन. प्रवेश आणि बस-मेट्रो मिळून माणशी २,००० येन पुरे.

उरलेले हजार टॅक्सीचे. टोकियोच्या मोठ्या स्टेशनांत गाडी बदलताना एवढं चालावं लागतं, की संध्याकाळी आईचे गुडघे बोलायला लागायचे. टोकियोत टॅक्सी ५०० येनपासून सुरू होते. दोघांचे मिळून रोजचे दोन हजार बाजूला ठेवले की "चालेन गं मी" म्हणणाऱ्या आईला बिनधास्त गाडीत बसवता येतं.

कार्ड देताना मशीन येन की रुपये विचारतं, तेव्हा येनच निवडा. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चाला साडेतीन टक्के जादा आकार, म्हणजे मार्कअप, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे लाखाला चार हजारांवर. मार्कअप नसलेलं कार्ड निघण्याआधीच काढून ठेवा, आणि देवळांसाठी थोडी रोख जवळ असू द्या.