जुन्या युद्धफोटोंच्या मागचे रशियन शिक्के कसे वाचायचे?

तुम्ही विचारलंय की फोटोमागे जांभळा शिक्का आहे, त्यात ‘सीएम सीसीसीपी’ दिसतं, खाली पेन्सिलीने ‘नेक्सोमा’ आणि ‘२/व्ही-४५’ लिहिलंय, तर याचा अर्थ काय?

तारखेतला ‘व्ही’ म्हणजे रोमन पाच. हाताने तारीख लिहिताना महिना रोमन आकड्यात लिहायची तिकडे पद्धत होती. म्हणजे २ मे १९४५, बर्लिनमधल्या जर्मन फौजेने शरणागती पत्करली तो दिवस. वाचताना माझंही काळीज हललं.

‘नेक्सोमा’ हे कुणाचं नाव नाही. रशियन हस्ताक्षरात ‘प’ इंग्रजी एनसारखा, ‘ख’ एक्ससारखा आणि ‘त’ एमसारखा दिसतो. शब्द आहे ‘पेखोता’, म्हणजे पायदळ. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकताना छापील मजकूर मला लवकर जमला, हा ‘त’ मात्र कित्येक महिने चकवत राहिला.

आता शिक्का. छापील अक्षरांत सी दिसतो तो ‘स’, पी दिसतो तो ‘र’, एच तो ‘न’, बी तो ‘व’. तुमची अक्षरं झाली ‘एस. एम., एस. एस. एस. आर.’, म्हणजे सोव्हिएत संघाचं मंत्रिमंडळ. सगळी मेख इथेच आहे. १९३८ पासून सरकारी अभिलेखागारं एनकेव्हीडी या गृहखात्याकडे होती. १९४६ मध्ये त्या खात्याचं नाव एमव्हीडी झालं. १९६० मध्ये अभिलेखागारं मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत गेली. शिक्का अभिलेखागाराचाच असेल, तर तो १९६० नंतरचा. फोटो वृत्तसंस्थेकडून आला असता तर ‘फोतोख्रोनिका तास’ असं दिसलं असतं.

म्हणजे पेन्सिलीतली तारीख फोटो काढल्याची असेल, हातातल्या प्रतीची नव्हे. एका निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षं प्रती निघत. पण जुन्या प्रतीवर नंतर शिक्का मारला गेला, असंही होऊ शकतं. हे सोडवायला नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणा आणि अंधारात फोटोची मागची बाजू बघा. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले. कागद निळसर पांढरा उजळला तर तो युद्धकाळातला नाही. न उजळल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरही बिनरसायनाचा कागद वापरात होता.

शिक्क्यालगत ‘फ., ओप., द., ल.’ अशी बारीक अक्षरं आणि आकडे आहेत का, तेही बघा. फोंद, ओपिस, देलो, लिस्त, म्हणजे संग्रह, यादी, फाइल, पान. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये चित्रपट आणि छायाचित्रांचं सरकारी अभिलेखागार आहे. तिकडे विचारणा केलीत तर हे आकडे जसेच्या तसे कळवा.

आणि कृपा करून पुसट शिक्का ओल्या कापसाने पुसू नका, जांभळी शाई पाण्याने पसरते. टेबलावर फोटो उपडा ठेवा, बाजूने तिरका उजेड टाका आणि मोबाइलने टिपा. दाबून लिहिलेल्या पेन्सिलीचे वळही त्यात उठून दिसतील.