एका घराची दोन घरं होतात तेव्हा

तुमचा प्रश्न : बहिणीचा घटस्फोट झाला, पगार दोघांचेही तेच, मग वर्षभरात तिची बचत संपली कशी?

उधळपट्टीमुळे नक्कीच नाही. घरखर्चाची तुलना करताना एक ढोबळ नियम वापरतात : माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. चौघांचं घर म्हणजे एकट्याच्या दुप्पट खर्च. त्यातला एक जण वेगळा राहायला लागला की त्याचा १ आणि उरलेल्या तिघांचा १.७३, मिळून २.७३. म्हणजे पूर्वीसारखंच राहायचं तर ३७ टक्के जास्त पैसे हवेत. भाडं दोन, फ्रिज दोन, मुलांचे बिछानेसुद्धा दोन ठिकाणी.

हा फटका सारखा वाटला जात नाही. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ लेनोर वाइट्झमन यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की घटस्फोटानंतर वर्षभरात बायकांचं राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषांचं ४२ टक्क्यांनी वाढतं. आकडा खूप गाजला, पण हिशेबच चुकला होता. १९९६ मध्ये रिचर्ड पीटरसन या संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा घसरण २७ टक्के आणि वाढ १० टक्के निघाली. जुना आकडा अजूनही लोक फेकतात. खरा आकडा काय कमी आहे?

यात वेळेचा हिशेब धरलेलाच नाही. मी बरीच वर्षं समुपदेशनात लोकांच्या जमाखर्चाच्या वह्या बघितल्या. एका बाईंच्या वहीत मागच्या पानांवर नाकारलेल्या कामांची यादी होती : संध्याकाळची पाळी, बाहेरगावचं प्रशिक्षण, एक बढती. प्रत्येकापुढे एकच शेरा, 'घरी कोण?'

उलटंही घडतं, हे मान्य. पैशाच्या ओढाताणीने आधी चिडचिड, मग अबोला, मग फारकत. संशोधक रँड काँगर यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८०च्या दशकातल्या शेतीसंकटात सापडलेल्या कुटुंबांत असा ताण टिपला होता. पण म्हणून 'जमवून घ्या, परवडणार नाही' असा सल्ला मी देत नाही. मारहाणीच्या घरात तर मुळीच नाही.

बहिणीपुरतं सांगतो. पोटगी किती, यापेक्षा ती ठरल्या तारखेला येते का, ते आधी बघा. उशीर झाला की भाड्यासाठी उसनवारी सुरू होते. दोघांच्या नावावर कर्ज असेल तर घटस्फोटाने बँकेच्या लेखी काहीच बदलत नाही. त्याने हप्ता चुकवला तरी वसुलीचा फोन तिला येऊ शकतो. तिचं नाव कर्जातून निघालंय का, हे बँकेकडून लेखी घ्या.